कान्ह्याला आणलेली पोर्ट वाइन

गोव्याहून परतल्यापासून लोणावळ्यातील ओळखीची माणसे मला दूधसागरच्या धबधब्याविषयी विचारतात. आमच्या शाळेचे हेडमास्तर म्हणाले, "परमुलूख पाहून आलात, तर मुलांसाठी चार पाने लिहा." मुलांसाठीची ती पाने माझ्या हातून झाली नाहीत. झाली ती ही. ज्यांनी तो मुलूख पाहिला नाही त्यांना यातून थोडीफार माहिती मिळेल, पण मी तिकडे देखावे पाहायला गेलो नव्हतो. माझ्या थोरल्या भावासाठी पोर्ट वाइन आणायला गेलो होतो.

लोणावळा

माझा भाऊ दगडूदादा रेल्वेत गँगमन होता. कामशेत ते मळवली या टापूत रुळांच्या खिळ्यांवर घण घालण्यात त्याचे सारे तारुण्य गेले. आमचे घर कान्ह्याला. वडील लवकर गेले, आणि पुढे मी इंग्रजी शाळा, पुण्याचे कॉलेज आणि बी. ए. ची परीक्षा हे सर्व पाहिले ते दादाच्या जिवावर. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी सही करीत नव्हते. आज मला लोक मास्तर म्हणून नमस्कार करतात, तेव्हा प्रत्येक वेळी मला वाटते की हा नमस्कार चुकीच्या माणसाला होतो आहे.

युद्धाचे तिसरे वर्ष चालू असताना दादाला खोकला लागला आणि अंगात बारीक ताप राहू लागला. मी त्याला खंडाळ्याला एका पारशी डॉक्टरांकडे नेले. त्यांनी छाती तपासली आणि दादाला बाहेर बसवून मला म्हणाले, "जो मास्तर, दवा तो हूं देईन. पण तुजा भाऊ जेवतो काय?"

"नाही. भाताचे दोन घास खातो आणि ताट सारतो."

"तेच. एला सारी, चांगली पोर्ट वाइन दे. जेवणाआधी न्हाना ग्लास. भूक लागेल. बरा होईल असं हूं नाय बोलतो. पण जेवला तर जगेल."

पुढे ते म्हणाले की, लढाईमुळे विलायती माल येईनासा झाला आहे, आणि लोणावळ्याच्या दुकानात पोर्टच्या नावाने मिळते ते रंगवलेले पाणी. खरी हवी असेल तर गोव्याहून आणा. पोर्तुगाल लढाईत नाही, तिथे अजून माल उतरतो. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे कळणार नाही. मी मराठी चौथीत असताना दादा दारू पीत असे. वलवणच्या बाजूला हातभट्टी होती, रात्रपाळी संपली की गँगमधली माणसे तिकडे वळत. एकदा तो माझ्या फीचे पैसे पिऊन आला. आईने त्याला दुसऱ्या दिवशी भैरवनाथाच्या देवळात नेले, हातात बेलभंडार दिला आणि उजवा हात माझ्या डोक्यावर ठेवायला लावला. "पुन्हा तोंडाला लावली तर ह्या पोराचं वाटोळं व्हईल," असे तिने त्याच्याकडून म्हणवून घेतले. दादाने त्यानंतर दारूला स्पर्श केला नाही. शिमग्याला नाही, एकवीरेच्या जत्रेत बोकड पडतात तेव्हाही नाही. आई पुढे वारली.

ही शपथ मी विसरलो नव्हतो. पण मला वाटले, औषधाला कसली शपथ? आणि तीही डॉक्टरांनी सांगितलेली, परमुलखातून आणलेली, द्राक्षांची. चार पुस्तके वाचलेल्या माणसाला जसे वाटते तसे मला वाटले.

निघताना दादा म्हणाला, "गोव्याला कशाला रं? हितं औषध भेटत न्हाई व्हय?"

"तिथलं चांगलं आहे."

"मग जा. आन् गाडीत बाहेर डोकं काढू नगंस, बोगदं हायेत."

कॅसलरॉकच्या पलीकडे

पुण्याहून लोंढ्यापर्यंतचा प्रवास सोडून देतो. गाडीत शिपाई भरलेले होते आणि मी बहुतेक वेळ एका पायावर उभा होतो. लोंढ्याला गाडी बदलली. कॅसलरॉक हे आपल्या सरकारचे शेवटचे ठाणे. त्याच्या पुढे गाडी घाटात उतरू लागते आणि भोवती इतके दाट रान लागते की मावळातली आमची राने त्याच्यापुढे कुंपणासारखी वाटावीत.

दूधसागरचा पूल धबधब्याच्या अगदी छातीवरून जातो. पाण्याचे तुषार डब्यात आले. सर्वांनी हात बाहेर काढले. मीही काढला, आणि दादाचा इशारा आठवून आत घेतला. तेवढा वेळ मी आनंदात होतो हे कबूल करतो. लगेच वाटले, जो माणूस जन्मभर रुळांवर राबला त्याने पुण्याच्या पुढची गाडी कधी पाहिली नाही, आणि पाहतो आहे मी.

कुळ्याला पोर्तुगीज नाके आहे. तिथल्या शिपायाने माझी पेटी उघडली, आतली भाकरी हातात घेऊन पाहिली आणि परत ठेवली. त्याला ती काय वस्तू आहे ते कळले नसावे.

मडगाव

संध्याकाळी मडगावला पोचलो तेव्हा पहिली गोष्ट जाणवली ती उजेडाची. आमच्याकडे स्टेशनावरच्या दिव्यांना काळी टोपडी घातलेली आहेत. येथे रस्त्यावर, दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर दिवे उघडे जळत होते. लढाई चालू आहे याची त्या गावाला खबर नसावी असे वाटले.

एका खाणावळीत जेवलो. उकड्या तांदळाचा जाड लालसर भात, बांगड्याची आमटी आणि सोलाची कढी. आमटी उत्तम होती. भात मात्र घशाखाली उतरेना. आम्ही आंबेमोहर खाणारी माणसे. भात शिजताना घरभर वास सुटला नाही तर आम्हांला जेवण झाले असे वाटत नाही. शेजारी बसलेल्या गृहस्थाने विचारले, "खंयचे तुमी?" मी पुण्याकडचा असे सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणूनच. पुण्याचो मनीस भात हुंगून जेवता."

वाइनची चौकशी त्याच्याकडेच केली. त्याने बाजारामागच्या गल्लीतले आना बायचे दुकान दाखवले. आना बाय ही साठीच्या पुढची ख्रिस्ती विधवा. काळा झगा, गळ्यात क्रूस, आणि दुकानात एका बाजूला मेणबत्त्या, दुसऱ्या बाजूला बाटल्या. मी जन्मात दारूच्या दुकानाची पायरी चढलो नव्हतो. रस्त्यावरून दोन फेऱ्या मारल्या, मग आत गेलो आणि म्हणालो, "औषध पाहिजे."

"वखदांचें दुकान फुडें," ती म्हणाली.

मी डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. तिने ती दूर धरून पाहिली, हसली आणि म्हणाली, "हें वखद न्हय रे बाबा, हें पोर्ट. पळय, तूं इतलो भियेता कित्याक? चोरूंक आयला काय?"

मग तिने मला स्टुलावर बसवले. कोणाला हवी, वय काय, खोकल्यातून रक्त पडते का, असे एकेक विचारीत गेली. मी सर्व सांगितले. तिच्या धाकट्या सुनेचे बाळंतपण नुकतेच झाले होते. तिलाही रोज जेवणाआधी पेलाभर देतात, असे ती म्हणाली. आतल्या खोलीत तिने मला कपाट दाखवले. त्यात येशूची तसबीर, तिच्याखाली एरंडेल, मध, आणि त्याच ओळीत पोर्टची बाटली. मी ते कपाट पाहत राहिलो. आमच्याकडे बाटली गोठ्यात पेंढ्याखाली सापडते, आणि ज्या घरात सापडते त्या घरातली बाई रडत असते. एकच पदार्थ, पण या घरात देवाखाली उभा होता.

मी तिला शपथेचे सांगितले. का सांगितले ते मला ठाऊक नाही. बहुधा परक्या मुलखातल्या माणसाला सांगणे सोपे जाते. ती गंभीर झाली.

"देवाच्या नांवान?"

"देवाच्या नावाने. हात माझ्या डोक्यावर."

तिने क्रूसाला बोट लावले. "मागीर कठीण," म्हणजे मग अवघड आहे, एवढेच म्हणाली. पण तिने तीन चांगल्या बाटल्या काढल्या, गवतात गुंडाळल्या, वेताच्या टोपलीत बसवल्या आणि बजावले की घरी गेल्यावर आडव्या ठेव, बूच सुकू देऊ नको, आणि काढ्यासारखी उकळू नको. घाटावरचा एक इसम उकळून प्यायला आणि तिला शिव्या देत आला होता.

परतीची वाट

कॅसलरॉकला आपल्या नाक्यावरच्या कारकुनाने टोपलीवरचे गवत दूर केले आणि माझ्या टोपीकडे, उपरण्याकडे पाहिले.

"काय करता आपण?"

"शिक्षक आहे."

"वा. मुलांना शिकवून घसा कोरडा पडत असेल."

मी चिठ्ठी दाखवली. त्याने ती वाचली, जकात घेतली, आणि मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "भाऊ आहे होय. घेऊन जा. सांभाळा, पुढे गाडीत लष्कर आहे."

त्याचे बोलणे खरे ठरले. लोंढ्याला गाडी बदलताना रेटारेटी झाली आणि एक धिप्पाड शिपाई माझ्या टोपलीवर बसला. तो चटकन उठला, पण एक बाटली फुटली होती. लाल वाइन माझ्या धोतरावरून फळीवर आणि फळीवरून खाली वाहत गेली. डबाभर वास पसरला. शिपायाने त्याच्या भाषेत माफी मागितली असावी. समोर एक पागोटेवाले व्यापारी बसले होते; ते उठून पलीकडच्या बाकावर गेले आणि बायकोला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "शिकलेले लोक हल्ली असे निघतात." पुण्यापर्यंत मी ते डागाळलेले धोतर नेसून बसलो होतो. लाज वाटत होती. पण दोन बाटल्या शाबूत होत्या आणि दादा जेवणार होता, म्हणून ती लाज मला जड गेली नाही.

कान्हे

कामशेतला उतरून चालत घरी गेलो. दादा पडवीत घोंगडीवर बसला होता. माझ्या जाण्यायेण्याच्या दिवसांत तो आणखी वाळला होता. पारूवहिनीने पाय धुवायला पाणी दिले. दादाने पहिला प्रश्न केला तो रुळांचा.

"तिकडं रूळ अरुंदच न्हवं?"

"हो. पुण्यापासूनच अरुंद."

"आन् घाटात? सिलीपाटं लाकडाची का लोखंडाची?"

रुळांखालची सिलीपाटे मी पाहिली नव्हती. तो हसला. "येवडा बी. ए. झालास आन् सिलीपाटं बघितली न्हाईस." मग मी त्याला धबधब्यावरच्या पुलाचे सांगितले. तो म्हणाला, "तितल्या गँगवाल्याचं काय खरं न्हाई. सदाच वलं. खिळा धरत नसंल."

वहिनीने भाताला वाफ आणली. मी बाटली उघडली आणि फुलपात्रात थोडी ओतून दादासमोर ठेवली. त्याने ते नाकाशी नेले. त्याचे हात थांबले.

"नामा, ही काय हाय?"

मी खरे ते सांगितले. डॉक्टरांचे शब्द सांगितले, आना बायच्या कपाटाचे सांगितले, हे द्राक्षांचे आहे, हातभट्टीचे नव्हे, असेही सांगितले.

"पर दारूच न्हवं?"

"औषध आहे, दादा. याने तुला भूक लागेल."

त्याने फुलपात्र खाली ठेवले, अगदी जपून, एक थेंब न सांडता. "तू गाडीनं येवडं आनलंस. पर मला न्हाई चालायचं. तुझ्या डोक्यावर हात ठिवलाय म्या."

मी पुष्कळ बोललो. मी म्हणालो, शपथेने कोणाचे वाटोळे होत नाही. तो म्हणाला, "न्हाई कसं? मी सोडली आन् तू शिकलास. बघितलं न्हाई व्हय सगळ्या गावानं?" मी शिकलो होतो, ही गोष्ट त्याच्या बाजूचा पुरावा होती. मी जितके शहाण्यासारखे बोलत गेलो तितका त्याचा विश्वास घट्ट होत गेला.

दुसऱ्या दिवशी मी गावातल्या सर्वांत वयस्क माणसाकडे, सखाराम आबांकडे गेलो. बेलभंडार उतरवता येतो का, असे विचारले.

"येतो की. ज्यानं घातला त्यानं उतरायचा."

"घातला आईने. ती नाही."

"मग देवाला इचारायचं. कौल लाव."

मी कौलावर विश्वास ठेवणारा नाही. पण मी गुरवाकडे गेलो. दादा अंगात ताप असताना माझ्या खांद्यावर हात टाकून देवळापर्यंत आला. गुरवाने भैरवनाथाच्या दोन्ही अंगांना फुलाच्या ओल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणे घातले. आम्ही बसून राहिलो. देवळात मी आयुष्यात इतक्या मनापासून काही मागितले नव्हते. उजवी पाकळी पडली.

"दिला," गुरव म्हणाला. "दगडूभाऊ, देवानं मोकळं केलं तुला. आता पी बिनघोर."

दादाने हात जोडले. मला वाटले, संपले. घरी येऊन मी पुन्हा फुलपात्र भरले. त्याने ते पाहिले आणि मान हलवली.

"देवानं दिला रं. पर आईनं न्हाई दिला. ती असती आन् म्हनली असती, तर घेतली असती. देवाचं काय, त्येला हजार पोरं. तिला आपुन दोगंच."

पारूवहिनी चुलीजवळून म्हणाली, "आवो, भावजी इतक्या लांबून घिऊन आलं, तेंच्यासाठी तरी."

"त्येच्यासाठीच न्हाई घेत."

यापुढे मी काय करणार होतो? त्याला फसवून, काढ्यात मिसळून देता आली असती. तेही मनात आले. वहिनीनेही एकदा नुसत्या नजरेने तसे विचारले. पण जो माणूस माझ्यासाठी शब्दाला जागला, त्याच्या तोंडात मी त्याच्या नकळत शब्द मोडून ओतावा, हे माझ्याने झाले नाही. मी पुन्हा खंडाळ्याला गेलो. डॉक्टर म्हणाले, "तू शिकेला मानस, समजाव एला." मी त्यांना सांगितले की माझे शिकणेच आडवे येते आहे. ते त्यांना समजले नाही.

दादाचे दोन घास एका घासावर आले. शनिवारी शाळा सुटली की मी लोणावळ्याहून येत असे, आणि तो मला प्रवासाचे सांगायला लावी. पुन्हा पूल, पुन्हा बोगदे. आना बायने मला चोर म्हटले ते त्याला फार आवडे. "भित्रा हायेस तू. ल्हानपनापासनं," असे तो म्हणे आणि हसता हसता खोकू लागे. भाताची कापणी झाली. दारात आंबेमोहराच्या लोंब्यांची रास लागली. नव्या तांदळाच्या पहिल्या भाताचा वास घरभर सुटला. त्याने तो वास घेतला, आणि ताट परत दिले. मार्गशीर्षात तो गेला.

दहाव्याला आम्ही इंद्रायणीवर गेलो. पिंड मांडले, पण कावळा शिवेना. झाडावर होते पुष्कळ. एकही खाली उतरेना. लोकांनी एकेक बोलून पाहिले. सखाराम आबा म्हणाले, "दगडू, पारूला अंतर देनार न्हाई आमी." गँगच्या मुकादमाने बिडी पेटवून पिंडाशेजारी ठेवली. चहा ठेवला. मी म्हणालो, वहिनीला मी पाहीन. ऊन डोक्यावर आले.

मुकादम माझ्याजवळ सरकला. "मास्तर, जिवात एकच ऱ्हायलं आसंल त्येच्या. बारा-चौदा वर्सं तहान मारली बिचाऱ्यानं. ती तुमची गोव्याची हाय न्हवं घरात? थेंबभर घाला. गेलेल्याला कसली आलीय शपथ?"

दोघाचौघांनी माना हलवल्या. मी घरी गेलो. उघडलेल्या बाटलीतली वाइन आंबून गेली होती. दुसरी घेतली आणि नदीवर येऊन चाकूने बूच काढले. इतक्या दिवसांनी मला काहीतरी करता येणार होते. मी पिंडाकडे वाकलो तेवढ्यात पारूवहिनीने माझा हात धरला. दिराच्या अंगाला तिने हात लावलेला गावाने कधी पाहिला नव्हता.

"न्हाई, भावजी."

"वहिनी, तो तहानलेला गेला."

"जाऊ द्या. शपथ तुमच्या डोक्यावर हाय. तेंनी जीव दिला पर तुमास्नी धक्का लागू दिला न्हाई. आता पिंडावर घालून मी त्ये वाया घालवू?"

"मला काही होणार नाही."

"ते बी असंच म्हनत व्हतं, मला काय व्हत न्हाई," ती म्हणाली, आणि हात सोडला नाही.

आणखी थोडी वाट पाहिली. मग भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, आणि माणसे अंघोळीला पाण्यात उतरली.

मी काढलेले बूच परत बसवू लागलो. ते फुगले होते, बसेना. अंगठा बाटलीच्या तोंडावर दाबून मी ती तशीच घरापर्यंत आणली.